सही करायच्या आधी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत मी जे बोलले ते लिहून द्या, असं अध्यक्षताईंनी सांगितलं. वेचणीमुळे त्या दिवशी ज्या सख्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी हे आहे. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



आज कर्जवाटपावर बोलायचं नाही, वसुलीवरही नाही. हे ऐकल्याबरोबर मागच्या रांगेतल्या चौघी सैल होऊन बसल्या, ते दिसलं मला. आज एका चिठ्ठीबद्दल बोलायचं आहे.

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करणं चालू होतं. एका ताईंनी पासबुकात घडी करून ठेवलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "मॅडम, हे वाचून द्या ना. शाळेतून आलं. सही मागून राहिले." कागद इंग्रजीत होता. ताईंची मुलगी नववीत आहे, तालुक्याच्या गावी, सिस्टरांच्या शाळेत. तिच्या फीसाठी ताईंनी गटातून दोनदा अंतर्गत कर्ज घेतलं आणि दोन्ही वेळा मुदतीच्या आत फेडलं. तुमच्यापैकी कुणाला ओळखू आलं असेल तर मनातच ठेवा.

कागदात असं होतं : आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी शाळा चार शनिवार एक वर्ग घेणार. विषयाचं नाव 'वैयक्तिक, सामाजिक आणि आरोग्य शिक्षण'. त्यात वयात येताना शरीरात होणारे बदल, मासिक पाळी, राग, भीती, मैत्री, मोबाईल, व्यसन आणि कुणी नको तिथे हात लावला तर काय करायचं, एवढं शिकवणार. पालकांची तयारी असेल तर सही करा, नसेल तर तसं लिहून द्या.

मी वाचत होते तशा बायका गप्प होत गेल्या. मग एकदम सगळ्या सुरू झाल्या. "मायबाई, हे शाळेत शिकवते?" "पोट्टे न् पोट्ट्या संगच बसवतीन काय?" एक मावशी म्हणाल्या, "त्या सिस्टर तर लगनच नाही करत, त्या काय सांगतीन पोरीले?" त्यावर खूप हसलो आम्ही. आणि भिंतीकडून हळूच आवाज आला, "नावाले आरोग्य हाय. बाटवाचं काम हाय ते."

ज्यांची चिठ्ठी होती त्या ताई हसल्या नव्हत्या. सगळ्या उठल्यावर त्या मला म्हणाल्या, "तिचे बाबा म्हणते, असलं शिकवाले पैसे भरतो काय आपण? शाळा बंद करू न् दहावीच्या आत उजवून टाकू."

म्हणजे कागद एवढासा, पण त्यावर एका मुलीचं शिक्षण टांगलेलं होतं. म्हणून म्हटलं, नीट बोलू या.

आधी बाटवण्याचं सांगते, कारण ते हळूच बोललं जातं आणि तेच जास्त पसरतं. कॅथलिक शाळा आपल्याकडे नव्या नाहीत. अमरावतीला १९५५ पासून कॅथलिक धर्मप्रांताचं मुख्य ठिकाण आहे. अमरावतीचं होली क्रॉस, अकोल्याचं माउंट कार्मेल ही नावं आपल्या पोरांच्या तोंडी असतात. तिथं शिकून डॉक्टर, कलेक्टर ऑफिसातले बाबू, प्राध्यापक झालेली आपल्याच घरची माणसं आहेत, आणि ती पोळ्याला बैल पूजतात, महालक्ष्म्यांना आंबील करतात. अशा शाळांत साधारणपणे ख्रिस्ती मुलांना त्यांच्या धर्माचा तास वेगळा असतो आणि बाकीच्यांना नीतिशिक्षणाचा. आणि आपली राज्यघटना, कलम २८, स्पष्ट सांगते की सरकारमान्य शाळेत कुणालाही धर्माचं शिक्षण सक्तीनं देता येत नाही. लेकरू लहान असेल तर पालकांची संमती लागते. तेव्हा शंका असली तर कुजबुजू नका. मुख्याध्यापकांना जाऊन विचारा, या वर्गात धर्माचं काही आहे का? तो तुमचा हक्क आहे.

आता सिस्टरांना काय कळतं, हा मावशींचा सवाल. यावर मला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

मी पण अशाच एका शाळेत शिकले, वसतिगृहात राहून. शाळेचं नाव सांगत नाही. आठवीत असताना एक दिवस मुलांना मैदानावर क्रिकेट खेळायला पाठवलं आणि आम्हा मुलींना हॉलमध्ये बसवून दारं लावली. बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी पॅड दाखवलं, त्यावर निळं पाणी ओतलं. पाळीचं रक्त निळं नसतं हे आमच्यातल्या निम्म्या जणींना तोवर कळून चुकलं होतं, पण विचारायची कुणाची हिंमत नाही. शेवटी प्रत्येकीला कागदात गुंडाळून एकेक पॅड मिळालं. बाहेर आलो तर मुलं खिडकीखाली उभी. पुढे वर्षभर ती आम्हाला "आज काय वाटलं गं हॉलमध्ये?" असं चिडवत राहिली. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं ना. त्यांचा तरी काय दोष? मला आजही त्या शाळेचा राग येतो तो एवढ्यासाठीच.

नववीत मात्र वेगळं झालं. एक सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे आपल्याकडे नर्सलाही म्हणतात, म्हणून सांगते, ह्या दोन्ही होत्या. जोगीण पण आणि नर्स पण. बाळंतपणं केलेली बाई. त्यांनी टेबलावर डालड्याचा रिकामा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडलेली. म्हणाल्या, नाव न लिहिता जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून टाका.

गाडगेबाबा आपल्या शेंडगावचे. कीर्तनात ते आधी लोकांनाच सवाल विचारायचे आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. सिस्टरांचं तसंच. चिठ्ठी वाचायच्या आणि आम्हाला विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं? का वाटतं?" पाळीत लोणच्याला हात लावला तर ते का नासेल, हे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात कुठं आहे, दाखवा. अंगावर पांढरं जातं त्याला कधी घाबरायचं आणि कधी नाही. एका छातीपेक्षा दुसरी लहान का दिसते. कापड वापरत असाल तर साबणानं धुऊन उन्हात वाळवा, कपाटामागं दडपून नको. हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मग एक चिठ्ठी त्यांनी उघडली, मनात वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. म्हणाल्या, "ही मी मोठ्यानं वाचणार नाही. जिनं लिहिली तिनं संध्याकाळी दवाखान्याच्या खोलीत यायचं, मी एकटीच असते. आणि बाकीच्यांनी नीट ऐका. मामा असो, काका असो, सर असोत की फादर असोत, तुमचं अंग तुमचं आहे. नको वाटलं तर ओरडा. आणि घडलं असेल तर त्यात तुमची चूक काडीचीही नाही."

कुणी लिहिली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या संध्याकाळी दवाखान्याच्या खोलीचा दिवा जेवणाची घंटा होऊन गेली तरी चालू होता, हे आम्ही सगळ्यांनी वसतिगृहाच्या गच्चीवरून पाहिलं.

मी समाजकार्याकडे वळले त्यामागं बरीच कारणं आहेत. त्यात तो डबा एक आहे.

या ठिकाणी कायद्याचं एक सांगून ठेवते. पॉक्सो कायदा २०१२ चा. अठराच्या आतलं प्रत्येक लेकरू त्यात येतं, मुलगी तशी मुलगाही. मुलांवर पण होतं हे सगळं, आपण मानत नाही एवढंच. आणि ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरातलं आहे, बोभाटा होईल, म्हणून झाकून ठेवायची सोय कायदा कुणालाही देत नाही, शाळेलाही नाही. १०९८ हा लहान मुलांच्या मदतीचा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे. मोबाईल हातात आहेत ना? आत्ताच साठवा. मी थांबते.

झालं? बरं.

"हे शाळेत कशाला, घरी सांगू ना आम्ही," असंही कुणी म्हणालं होतं. तुम्ही सांगितलं का? खरं सांगा. मला माझ्या आईनं एवढंच सांगितलं होतं, "आता पोरांत खेळू नको." का, ते नाही. आईला तिच्या आईनं तेवढंही सांगितलं नव्हतं.

आणि शाळेत हे आधीपासूनच आहे. घरी दहावीचं लेकरू असेल तर राज्य मंडळाचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' हे पुस्तक उघडा. तिसऱ्या पाठात बाईचं आणि पुरुषाचं जननसंस्थेचं चित्र आहे, पाळीचं चक्र आहे. नववा पाठ 'सामाजिक आरोग्य', त्यात व्यसन, ताणतणाव, मोबाईलचा अतिरेक, सायबर गुन्हे हे सगळं. शासनानं छापलेलं, परीक्षेला मार्क असलेलं. पण पुष्कळ शाळांत तिसऱ्या पाठावर आले की गुरुजी म्हणतात, हा घरी वाचून या. म्हणजे शाळा म्हणते घरी, आणि घर म्हणतं शाळेत. लेकरू मग मोबाईलमध्ये पाहतं. तिथं काय दिसतं ते तुम्हाला सांगायला नको.

आपल्या राज्यात हा वाद जुना आहे. २००७ साली शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या पुस्तिकांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारनं ते शिक्षणच थांबवलं. त्याच्याही मागं गेलं तर महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, र. धों. कर्वे. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. ते कॉलेज ख्रिस्ती मिशनचं, कॅथलिक नव्हे, प्रॉटेस्टंट. १९२१ साली कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि त्या कामापायी नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यावर खटला झाला तेव्हा १९३४ साली त्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं होतं माहीत आहे? बाबासाहेबांनी. खटला हरले, दंड झाला. पण आज आशाताई तुमच्या दारात येऊन माला-एन, तांबी, कंडोम ही नावं घेते, तेव्हा त्यात कर्व्यांचा वाटा आहेच.

यावरूनच आता खरी अडचण सांगते, झाकून ठेवणार नाही. कॅथलिक शाळा हे सगळं शिकवते, पण संततिनियमनाची साधनं शिकवत नाही. त्यांच्या धर्मपीठानं १९६८ साली गोळ्या आणि इतर साधनांविरुद्ध भूमिका घेतली, ती आजही तशीच आहे. मात्र मुलांना वयाप्रमाणे लैंगिक शिक्षण द्यावं, हेही त्यांच्याच धर्मसभेनं १९६५ साली लिहून ठेवलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या पत्रात पुन्हा त्यावर मोठा भाग लिहिला. म्हणजे सिस्टर स्वतःच्या मनानं काही करत नाहीत, आणि धर्माच्या बाहेरही जात नाहीत. इंग्लंडमध्ये २०२० पासून चर्चच्या शाळा धरून सगळ्याच माध्यमिक शाळांत हा विषय सक्तीचा झाला. तिथं आईबापांना लेकराला फक्त लैंगिक शिक्षणाच्या भागातून काढता येतं. नाती आणि आरोग्य या भागातून काढता येत नाही. मला ही वाटणी पटते. पोरीला रक्त कमी पडू नये किंवा कुणी त्रास दिला तर तिला बोलता यावं, यात आईबापांची 'ना' कशाला चालावी?

तर त्या चिठ्ठीचं पुढं काय झालं?

चिठ्ठीवर खाली पालकसभेची तारीख होती. मी ताईंना म्हटलं, सही आत्ता करू नका, 'ना' पण लिहू नका, आधी जाऊन ऐका. त्या म्हणाल्या, एकटी नाही जात. मग त्यांच्यासोबत आणखी चौघी निघाल्या, दोघींची लेकरं तर त्या शाळेत नव्हतीच. आदल्या दिवशी हिशोबाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर आम्ही सवाल लिहून घेतले. कोण शिकवणार, बाई की माणूस? काय चित्रं दाखवणार ते आम्हाला आधी दाखवा. मुलांना पण शिकवणार का? लेकरानं काही सांगितलं तर ते कुणाकुणाला कळेल? धर्माचं काही आहे का?

सभेत बहुतेक बाप होते, पँट-शर्टातले. आमच्या पाच जणी शेवटच्या बाकावर. मुख्याध्यापिका सिस्टर केरळच्या, मराठी बोलतात पण 'ळ' भलत्याच ठिकाणी येतो. पहिले तीन सवाल अध्यक्षताईंनी विचारले, एकदम खणखणीत. मला तोंड उघडावंच लागलं नाही. वर्ग दोन शिक्षिका आणि एक नर्स घेणार. चित्रं त्यांनी तिथंच पडद्यावर दाखवली. दोन-तीन बापांनी मान खाली घातली, आमच्या बायकांनी मात्र शेवटपर्यंत पाहिली. एक जण कानात म्हणाली, "अवं, एवढी बाळंतपणं झाली माही, पण गर्भपिशवी अशी असते हे आज पाहिलं."

मुलांचा सवाल आला तेव्हा सिस्टर जरा थांबल्या. त्यांचा बेत पाळीचा वर्ग फक्त मुलींसाठी ठेवायचा होता. तिथं मात्र मी उठले आणि मैदान-हॉलची गोष्ट सांगितली. थोडी कुरकुर झाली. शेवटी ठरलं की मुलींचा वर्ग वेगळा होईल, पण मुलांनाही पाळीबद्दल त्यांच्या वर्गात सांगतील. एका बापानं गर्भनिरोधकांचं विचारलं. सिस्टरांनी सरळ सांगितलं, ते आम्ही शिकवत नाही. त्यावर आमच्यातली एक म्हणाली, "नका शिकवू, थे आशाताई सांगन." सिस्टर हसल्या. खरंच आहे. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथं समुपदेशक असतात, मुलंही जाऊ शकतात. शाळा जिथं थांबते तिथून पुढचं त्यांच्याकडून घ्यायचं.

ताईंनी सही केली. गटात शिकलेली सही, मराठीत, पूर्ण नाव. घरी दोन दिवस अबोला होता.

पहिला शनिवार होऊन गेला. मुलीनं घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर न्हाणीच्या कोनाड्यात दडपलेली कापडं काढली, पुन्हा धुतली आणि अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकली. आजी ओरडली. मुलगी म्हणाली, "वाळू दे न् आजी, तुहीच साडी बाजूले हाय." दुसरं, शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती आजवर खिडकीतून फेकत होती हे तिनं कबूल केलं, मळमळते म्हणून. जेवल्यावर घ्यायची असते, हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. देशात १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींमागं ५९ जणींना रक्त कमी आहे, हा सरकारच्या २०१९-२१ च्या पाहणीचा आकडा. फेकलेल्या गोळ्या त्यात कुठं मोजल्या जातात?

तिचे बाबा अजून काही बोलले नाहीत. 'उजवून टाकू' हे पुन्हा काढलं नाही एवढंच. काढलंच तर ताईंना आता माहीत आहे की अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे. त्याच पाहणीत आपल्या महाराष्ट्रात विशीतल्या शंभर बायांमागं जवळपास २२ जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. या खोलीत किती जणी त्यातल्या आहेत, हात वर करायला सांगत नाही.

तुमच्यातल्या जास्त जणींची लेकरं सिस्टरांच्या शाळेत नाहीत, जिल्हा परिषदेच्या नाहीतर अनुदानित शाळेत आहेत. त्यांच्यासाठी सांगते. शासनाच्या मार्च २०२२ च्या निर्णयाप्रमाणे शाळेत 'सखी सावित्री समिती' असायला पाहिजे, त्यात महिला पालक असतात. तुमच्या शाळेत ती आहे का? कागदावर आहे की खरोखर बसते? या महिन्यात ग्रामसंघाच्या दोघी-दोघींनी आपापल्या शाळेत जाऊन एवढंच विचारून यायचं, आणि तिसरा पाठ वर्गात शिकवला का हेही. काय उत्तर मिळालं ते पुढच्या सभेत सांगा, मी रजिस्टरला लिहून घेते.

शाळेची कुठलीही चिठ्ठी इंग्रजीत आली तर मराठीत मागा. नाहीच दिली तर पासबुकासोबत बैठकीत आणा. सिस्टरांच्या शाळेची पुढची पालकसभा चौथ्या शनिवारी आहे, सकाळी अकराला. साडेनऊची एसटी धरायची. ज्यांना यायचं आहे त्यांनी अध्यक्षताईंकडे नाव द्या, आणि एखाद्या बापाला आणता आलं तर आणाच.